मामीचा चकाचक गोठा

तलावाकाठी पुन्हा लाल पाटी लागली होती : ‘पोहण्यास मनाई’. शाल्मलीचं तोंड एवढंसं झालं. तलाव पार करायची शर्यत पुढच्या महिन्यावर आलेली. मग सराव काय पलंगावर करायचा?

“इथं ना कारखाना, ना गटार. मग पाणी बिघडतंय कशानं?” तिनं टिटवीला विचारलं. टिटवी म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा यंत्रमानव. पाण्यावर तरंगायची, काठावर चालायची आणि फटकळ बोलायची.

“पाण्यात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) आहेत. प्रत्येक प्राण्याच्या आतड्यात काही खास जिवाणू राहतात. त्यांवरून प्राणी ओळखता येतो. हे गाईचे आहेत. ओढ्यातून येतात. चल, माग काढू.”

जागोजागी थेंब तपासत टिटवी ओढ्याच्या कडेनं वर गेली आणि थांबली ती थेट मामीच्या गोठ्यापाशी! मामीचा गोठा म्हणजे पंगत बसवावी इतका चकाचक. सकाळ-संध्याकाळ पाइप लावून धुतलेला.

“माझ्या गोठ्यात घाण?” टिटवीचं ऐकून मामी कडाडली. “आणि शेणाला घाण म्हणतेस? अंगण सारवतो आम्ही त्यानं!”

“सारवण पातळ असतं. उन्हात वाळतं, त्यातले बरेचसे जिवाणू मरतात. पाण्यात मात्र ते पुष्कळ दिवस तग धरतात. तुम्ही गोठा धुता, ते पाणी जातं कुठं?”

“कुठं म्हणजे? वाहून जातं.”

“वाहून कुठं?”

मामीनं ओढ्याकडे पाहिलं. मग शाल्मलीच्या गळ्यातल्या पोहण्याच्या चष्म्याकडे. “अगं बाई! पाठीला डबा बांधून मीच हिला त्या तळ्यात पोहायला शिकवलं,” ती पुटपुटली. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मामी शेण आधी फावड्यानं उचलू लागली. ते गोबरगॅसच्या टाकीत जाई. त्या गॅसवर चहा उकळे. उरलेलं धुवण हत्तीगवताच्या वाफ्यात मुरे. त्यातलं खत मुळं शोषून घेत, जिवाणू मातीत अडकून हळूहळू मरत. ओढ्यात थेंबही जात नव्हता.

लाल पाटी शर्यतीच्या आठवडाभर आधी उतरली. शाल्मली तिसरी आली आणि पहिली आल्यासारखी नाचली!

टाळ्या वाजवता वाजवता मामीचं लक्ष ओढ्याकडे गेलं. एकजण तिथं जीप धूत होता.

“अहो, काय करताय?”

“थोडं तेल सांडलंय, मावशी. जाईल वाहून.”

मामीनं पदर खोचला. “कुठं?”