चालकाशी बोलू नये

“तुमचा डावीकडचा खालचा दात दुखतोय.”

हे वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि सगळ्यात जास्त दचकली ती स्वतःच. या शहरात येऊन तिला सात महिने झाले होते, आणि अनोळखी माणसाशी ती आपणहून बोलत होती ती आज पहिल्यांदाच.

बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. बाकीचे सगळे उतरून गेले होते. काचेवर भुरभुर पाऊस, वायपरची आपली इकडून तिकडे फरफट... आणि चालकाच्या जागेवर गालाला रुमाल बांधून बसलेला एक तरुण. गाल असा टम्म फुगलेला, की रुमालालाच दया यावी.

“डोक्यावरची पाटी वाचलीत?” त्याने मान न वळवता विचारलं. शब्द कसेबसे ओठांच्या फटीतून येत होते.

पाटीवर लिहिलं होतं – ‘बस चालू असताना चालकाशी बोलू नये.’

“बस थांबलीये,” ती म्हणाली.

तेव्हा मात्र तो वळला आणि हसला. अर्ध्याच तोंडाने, उरलेलं अर्धं कामाचं नव्हतं.

“तुम्ही डॉक्टर?”

“होणार आहे... म्हणजे, तुमचा दात मिळाला तर.”

आता हे ऐकून कुणीही दार उघडून पळालं असतं. तो पळाला नाही, कारण तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने घाईघाईने सगळं सांगून टाकलं. दातांच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष. परीक्षेला प्रत्येकाने आपापला रुग्ण आणायचा. दाताची मुळापर्यंत सफाई करायची, चार-पाच वेळा बोलवायचं आणि शेवटचं भरणं परीक्षकांसमोर करायचं. इतरांना कुणाचा काका मिळाला, कुणाचा दुकानदार, कुणाची शेजारीण. ती मात्र या शहरात कुणालाच ओळखत नव्हती.

“एवढं मोठं शहर,” मॅडम तिला सकाळीच सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “प्रत्येकाच्या तोंडात बत्तीस दात, आणि तुला एक मिळत नाही?”

“सुई टोचणार?” चालकाने विचारलं.

“टोचणार.”

“खोटं तरी बोलायचंत!”

पण दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून तो आला.

तिची हकीगत अशी. पहिली तीन वर्षं तिने घराजवळच्या छोट्या कॉलेजात काढली. ते बंद पडलं आणि मुलांची दाही दिशांना पांगापांग झाली. तिच्या वाट्याला हे शहर आलं. इथल्या वर्गात मैत्र्या तीन वर्षांपूर्वीच जमून गेल्या होत्या. दही लागल्यावर वरून दूध ओतावं, तशी ती वेगळीच राहिली. कुणी वाईट वागलं म्हणावं, तर तसंही नाही. कुणी विचारलंच नाही, एवढंच. आणि तिनेही नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, आणि खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. शेजारच्या खोलीत कुणीतरी राहत होतं. त्या कुणाचा चमचा बशीवर वाजायचा आणि संध्याकाळी कपाटाशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटणं ऐकू यायचं. तळमजल्यावर घरमालकीणबाई. बस्स. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारपर्यंत तिला तोंड उघडायचं कारणच पडत नसे. रविवारी संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहून उगाच “अ...” म्हणून बघायची. आवाज आहे ना शाबूत!

घरी तिला ‘रेडिओ’ म्हणायचे. सकाळी सुरू, झोपेपर्यंत चालू. “अगं, जरा बंद हो,” म्हणून आई कान झाकून घ्यायची. आता तीच आई रोज फोनवर विचारायची, “मैत्रिणी झाल्या का गं?”

“हो की. खूप.”

एकदा आईने फारच खोदून विचारलं, तेव्हा तिने कुरळ्या केसांची एक मैत्रीण जन्माला घातली. ती गाते, तिला मांजर आवडतं, तिला सर्दी झालीये... पुढच्या आठवड्यात आईने विचारलं, “तिची सर्दी बरी झाली का? वाफ घ्यायला सांग.” फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. त्या कुरळ्या केसांच्या मुलीची तिला खरोखरच आठवण येत होती.

अशी ही मुलगी, आणि तिच्या खुर्चीत तो.

सूज उतरायला आठवडा गेला, मग खरं काम सुरू झालं. सुईच्या वेळी त्याने खुर्चीचे हात असे धरले, की जणू घाटात ब्रेक निकामी झालेत. दुखत होता तो दाढेच्या आधीचा दात. त्याभोवती तिने रबराचा पडदा लावला आणि त्याचं बोलणं बंद झालं.

“आता बोलता यायचं नाही. हो म्हणायचं तर एक बोट, नाही म्हणायचं तर दोन. फारच दुखलं तर मूठ. कळलं?”

एक बोट.

मशीन घरघरायला लागलं. त्याच्या कपाळावर घाम. त्याला धीर यावा म्हणून ती काहीतरी बोलली... मग आणखी काहीतरी. बाबांच्या स्कूटरची गोष्ट, दादाच्या फजितीची, बंद पडलेल्या कॉलेजच्या फाटकाची. बोलता बोलता पाऊण तास निघून गेला. पडदा काढल्यावर तो जबडा चोळत म्हणाला, “बाप रे. एवढं कुणी माझ्याशी वर्षभरात बोललं नाही.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “सॉरी... फार बोलले ना?”

“दोन बोटं,” तो म्हणाला आणि खरंच दोन बोटं वर केली.

पुढच्या खेपेला तो वीस मिनिटं आधीच आला. पडदा लागण्याआधी त्यालाही बोलायचं होतं. दिवसभरात हजार माणसं त्याच्या पाठीमागे बसतात, सांगत होता तो; हसतात, भांडतात, एकमेकांच्या खांद्यावर झोपतात. पण त्याला दिसतात ती फक्त आरशात. दुपारी डेपोतल्या बाकावर डबा खाताना कधीकधी तो आपल्याच डब्याला ‘चला, पुढे सरका’ म्हणतो.

ती हसली. मग तो सहज म्हणाला, “तुम्ही नेहमी डावीकडे तिसऱ्या खिडकीत बसता. कानात इअरफोन.”

“गाणी ऐकते.”

“त्याचं दुसरं टोक बॅगेबाहेर लोंबत असतं, डॉक्टर. कशालाच जोडलेलं नसतं.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतके महिने तिला वाटत होतं की आपली युक्ती कुणालाच कळत नाही. कुणी आपल्याशी बोलत नाही असं दिसण्यापेक्षा, आपल्यालाच बोलायचं नाही असं दिसलेलं बरं, असा तिचा साधा हिशोब होता. रागाने तिने पडदा जरा घट्टच लावला. त्या दिवशी पाऊण तास फक्त मशीन बोललं.

जाताना तो दारात घुटमळला. “चुकलं माझं. पण... एक बोलू? तुम्ही मला गृहपाठ दिलात ना, दोन वेळा ब्रश, मिठाच्या गुळण्या? मीही एक देतो. पुढच्या वेळी येताना एका माणसाची गोष्ट घेऊन या. खरी. या शहरातल्या माणसाची. मी तोंड उघडून ऐकेन.”

“आणि नाही आणली तर?”

“तर मी दात किडवीन,” तो गंभीरपणे म्हणाला. “अजून एकतीस आहेत.”

गोष्ट आणायची म्हणजे कुणाला तरी विचारायला हवं. तीन दिवस तिची जीभ टाळूला चिकटून राहिली. चौथ्या दिवशी तिने घरमालकीणबाईंचं दार वाजवलं आणि विचारलं, “तुम्ही एवढे स्वेटर कुणासाठी विणता?” बाईंनी चष्मा वर केला. आत बोलावलं. परदेशात असलेल्या मुलासाठी, म्हणाल्या. आठ वर्षं तो आला नव्हता. त्याचं माप आता त्यांना माहीत नव्हतं, म्हणून दर हिवाळ्यात दोन अंदाजांचे दोन स्वेटर. त्या संध्याकाळी तिने लोकरीचा गुंडा धरून दोन तास काढले आणि निघताना बाईंनी तिच्याच खांद्याचं माप घेतलं.

ही गोष्ट सांगताना तिने पाहिलं, पडद्याच्या वर त्याचे डोळे भरून आले होते.

“दुखलं?” तिने मशीन थांबवलं.

दोन बोटं.

पुढची गोष्ट शेजारच्या खोलीची. तिथे वकिलीची विद्यार्थिनी निघाली. वादविवादाच्या स्पर्धेत घशाला कोरड पडते, म्हणून रोज कपाटाला न्यायाधीश समजून बोलायची. “तू न्यायाधीश होशील का?” त्या मुलीने विचारलं. “कपाट नेहमी माझ्याच बाजूने निकाल देतं.” तेव्हापासून रोज संध्याकाळी खाटेवर बसून ही निकाल द्यायला लागली. त्या आठवड्यात आईने मैत्रिणीबद्दल विचारलं, तेव्हा तिने खरं सांगितलं. कुरळे केस खोटे होते, आई. हिचे सरळ आहेत. आई म्हणाली, “असू दे. हिला सर्दी नाही ना?” आणि दोघी हसता हसता रडल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. तो वेळेवर आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू परीक्षा त्याचीच. तिने हत्यारं तीनदा मोजली. पडदा लावताना त्याने डोळे मिचकावले... आणि तिचं मोजणं थांबलं. दात भरला गेला. एक्स-रे पाहून परीक्षक म्हणाले, “स्वच्छ काम. केस पूर्ण.”

केस पूर्ण. तिने रबर सोडवलं. त्याने जबडा हलवून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

“आता पुन्हा कधी येऊ?”

आठ दिवसांनी, असं म्हणणं किती सोपं होतं! एकदा तपासावं लागेल, थोडी सूज वाटते... त्याला काय कळणार होतं? शब्द अगदी ओठांवर आले. पण त्याने इतके दिवस डोळे मिटून विश्वास ठेवला होता तो याच ओठांवर.

“आता गरज नाही,” ती म्हणाली. “दात बरा झालाय.”

“अस्सं,” तो म्हणाला. काहीतरी आणखी म्हणणार होता... “बरं मग. येतो, डॉक्टर.”

दुसऱ्या दिवशी बसवर चालकाच्या जागी कुणी मिशाळ काका होते. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर ती डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीत बसून आरशात बघत राहिली, आणि आरशात मिशाच दिसत राहिल्या. पास झाल्याचं कळलं, बाईंनी स्वेटर दिला, शेजारची वकिलीणबाई स्पर्धेत दुसरी आली. सगळं छान चाललं होतं. तरी संध्याकाळी खोलीत शिरताना ती दाराशी घुटमळायची. पूर्वी कुणीच नव्हतं म्हणून एकटं वाटायचं. आता एवढी माणसं होती, तरी एक खुर्ची रिकामी होती.

“त्याला नकोयस तू, याला पुरावा काय?” वकिलीणीने उलटतपासणी घेतली.

“आला नाही ना तो.”

“तूच म्हणालीस, गरज नाही. आरोपी निर्दोष! जा, विचार जाऊन.”

तिने शेवटच्या थांब्यावर बस उभी राहिल्यावर मिशाळ काकांना विचारलं. “तो होय? त्यानेच अर्ज करून मार्ग बदलून घेतला. आता पलीकडच्या डेपोत असतो.”

त्यानेच. घरी परत जावं, असंच वाटलं. पण पाय निघाले ते पलीकडच्या डेपोकडे.

दुपार होती. ओळीने उभ्या बस, डिझेलचा वास, पत्र्यावर पावसाचा बारीक ताशा. बाकावर तो एकटाच डबा उघडून बसला होता. तिला पाहून त्याने गडबडीने तोंडातला घास गिळला.

“डॉक्टर? काही राहिलं का दातात?”

“दातात काही राहिलं नाही.” ती बाकासमोर उभी राहिली. “माझंच... सांगायचं राहिलं.”

त्याने डब्याचं झाकण लावलं.

“पण तुम्ही तर अर्ज करून गेलात,” ती भडाभडा बोलायला लागली. “मी तिसऱ्या खिडकीत बसायची, आणि तुम्ही... नको होते तर तोंडावर सांगायचंत ना!”

“तिसऱ्या खिडकीमुळेच गेलो,” तो हळूच म्हणाला. “परीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी डेपोतून बस काढली. तुमचा थांबा अजून दोन कोस लांब, आणि मी आरशात ती रिकामी खिडकीच बघत होतो. लाल सिग्नल दिसलाच नाही. एक आजी रस्ता ओलांडत होत्या... काही झालं नाही. पण मी बस कडेला लावली आणि दुसऱ्या चालकाला बोलावलं. पाठीमागे पन्नास माणसं बसलेली असतात हो. तडक जाऊन अर्ज केला. आणि तुम्ही म्हणाला होतात, गरज नाही. वाटलं, खरंच आहे. तुम्हाला आता माणसं मिळालीत. तुम्ही डॉक्टर, मी ड्रायव्हर...”

“ती माणसं मी कुणासाठी गोळा केली?” ती म्हणाली. “सुरुवातीला? प्रत्येक गोष्ट ऐकताना मनात एकच – हे त्याला कसं सांगू, कधी सांगू... आता माणसं माझी आहेत, ते खरं. पण सांगायचंय अजून तुम्हालाच.”

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली, दहा मिनिटांत गाडी काढायची होती. त्याने हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि बाकावरची आपली बॅग उचलून मांडीवर घेतली. बाजूला दोन माणसांपुरती जागा झाली.

“बसा ना,” तो म्हणाला. मग कान लाल होईपर्यंत थांबला, आणि पुन्हा म्हणाला –

“बस ना गं.”

ती बसली.