बुचाच्या झाडाचं पाणी

सोलापूरच्या त्या कॉलेजात पेशींचं पहिलं प्रात्यक्षिक दरवर्षी पंचाक्षरीच घेई. प्राध्यापक व्याख्यान देऊन मोकळे होत. पोरांच्या हाती ब्लेड देऊन त्यांची बोटं शाबूत ठेवायचं काम या डेमॉन्स्ट्रेटरकडं. सूक्ष्मदर्शकं मोजकी आणि पोरं वर्गभर, त्यामुळं बोलायला वेळ भरपूर मिळे, आणि बोलायची त्याला हौसही होती.

"तीनशे वर्षांमागं हूक नावाच्या एका इंग्रजानं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला," तो सांगे. "त्याला काय दिसलं? कोठड्या. भिंतीला भिंत लागलेल्या, रिकाम्या. बूच म्हणजे मेलेल्या पेशी. मालक निघून गेलेली घरं म्हणा की. जिवंत पेशीत केंद्रक पाहिजे, पेशीद्रव पाहिजे. आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते, हे ध्यानात ठेवा. मधूनच कुठनं तरी उगवत नाही."

बुचासाठी तो कॉलेजच्या मागं उभ्या असलेल्या बुचाच्या झाडाची भेगाळलेली साल तासून आणी. गालाच्या पेशींचं मात्र अवघड होतं. आगकाडीनं तोंडात खरवडायचं आणि ते काचेवर पसरायचं म्हटलं की पोरं माना फिरवत. एकाचं उष्टं दुसऱ्यानं डोळ्याजवळ न्यायचं कसं? मग तो शेजारच्या शाळेतून आपल्या लेकीला, चन्नीला, बोलावून आणी. लहान लेकराच्या उष्ट्याला कोण नाक मुरडतं! चन्नी स्टुलावर बसून ऐटीत आ करी आणि सगळा वर्ग तिच्या पेशी बघे. फरशीच्या फुटक्या तुकड्यांसारख्या त्या दिसत, प्रत्येकीत एक निळा ठिपका, म्हणजे रंग घालून उठवलेलं केंद्रक.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. नळ कोरडे पडले आणि प्रयोगशाळेला एका बादलीवर दिवस काढावा लागला. पंचाक्षरीनं काचेच्या एकाच वाटीत बुचाचे काप भिजवले आणि चन्नीच्या गालातली आगकाडीही त्यातच बुडवली. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्यानं त्याची खरडपट्टी काढली असती. तास संपल्यावर ते वाटीभर पाणी मोरीत ओतायला त्याचा जीव होईना. त्यानं ते बुचाच्या बुंध्याशी ओतलं.

"अप्पा, पिलं की झाड," शेजारी उभी राहून चन्नी म्हणाली.

जमीन खरंच लगेच कोरडी झाली होती. दुष्काळातली जमीन ती, त्यात कसलं नवल!

त्याच आठवड्यात चन्नी जेवेनाशी झाली. ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. नुसती पडून राही. दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तिच्या आईनं, हेमावतीनं, तिला अक्कलकोटला नेऊन कपाळाला अंगारा लावून आणला. देवळात कधी पाऊल न टाकणारा पंचाक्षरीही त्या रांगेत मुकाट उभा राहिला. पोर खांद्यावर होती आणि खांद्याला तिचं ओझंच होत नव्हतं. रिकामी टोपली उचलावी तशी ती उचलली जाई. तिच्या दंडावरनं हात फिरवला की कातडी खरखर वाजे.

"अवं, कायतरी करा की," हेमावती म्हणाली. "एवढं शिकलाय म्हणता. माझं लेकरू वाळून चाललंय."

त्याला एकच गोष्ट करता येत होती, तीच त्यानं केली. चन्नीच्या गालातून आगकाडी फिरवली आणि भर दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत जाऊन स्लाइड लावली.

त्याला भिंती दिसल्या.

प्राण्याच्या पेशीला भिंत नसते. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. पण भिंगाखाली भिंतीला भिंत लागलेल्या कोठड्या होत्या, आणि एकीतही निळा ठिपका नव्हता. त्यानं काच पुसली, घरी जाऊन नव्या काडीनं पुन्हा खरवडलं, पुन्हा बघितलं. कोठड्याच. मग स्वतःचा गाल खरवडला. तिथं सगळं जिथल्या तिथं होतं.

त्यानं विभागप्रमुख भीमाशंकर सरांना बोलावून आणलं. सरांनी डोळा लावला. "बूच आहे हे. काप छान पातळ जमलाय."

"सर, चन्नीचा गाल आहे तो."

सरांनी मान वर केली. चष्मा काढून पुसला, पुसतच राहिले. "स्लाइड बदलली असेल, पंचाक्षरी. तुम्ही घरी जा. जरा झोप काढा." दाराकडं जाताना त्यांनी सूक्ष्मदर्शकापासून लांबून वळसा घेतला.

पंचाक्षरी मागच्या दारानं बाहेर आला आणि वासानंच थबकला. आवारातली सगळी झाडं काडीसारखी वाळली होती. बूच तेवढं पांढऱ्या फुलांनी लगडलं होतं. त्यानं बुंध्याला चाकू लावला. साल तुटून पडेना. ती मऊ होती आणि चाकूला ओल लागली. हातातली ती साल कोमट लागत होती. उन्हानं तापली असेल, असं त्यानं मनाला बजावलं.

भिंगाखाली त्या सालीच्या कापात भिंती नव्हत्या. फरशीचे फुटके तुकडे होते, प्रत्येकात एक निळा ठिपका. वर्षानुवर्षं बघितलेल्या त्या पेशी बाप ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

घरी त्यानं सगळं सांगितलं. हेमावती म्हणाली, "लेकराचं उष्टं झाडाला घातलंसा व्हय?"

त्याच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते. चन्नी जर त्या झाडात असेल, तर त्या झाडातूनच ती परत यायला पाहिजे. हे शास्त्र नव्हतं हे त्याला कळत होतं. पोर जात असताना बापाला शास्त्र काय करायचंय?

त्यानं ती ओली साल त्याच काचेच्या वाटीत भिजवली आणि वाटी चन्नीच्या ओठाला लावली.

"कडू लागतंय का गं?"

"न्हाय," चन्नी म्हणाली, आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

सकाळी ती अंथरुणावर उठून बसली होती. हेमावती तिला कवटाळून रडली, हसली, पुन्हा रडली. कॉलेजच्या मागं बुचाची सगळी फुलं एका रात्रीत गळून पडली होती. पंचाक्षरीनं त्या सड्यावरनं चालताना खाली बघितलं नाही.

चन्नी टवटवीत झाली. जेवत मात्र नव्हती.

"भाकरी खा की गं एवढी," हेमावती मागं लागे.

"बेडा, अव्वा. भूक न्हाय. नीरु दे." भाकरी नको म्हणे, पाणी तेवढं मागे. तांब्यामागून तांब्या. आणि ऑक्टोबरच्या त्या उन्हात दिवसभर अंगणात बसे.

त्यानं पुन्हा गालातून काडी फिरवली. भिंगाखाली भिंती नव्हत्या, प्रत्येक पेशीत केंद्रक होतं. त्याला रडूच फुटलं. पोर वाचली होती.

डोळे पुसल्यावर ध्यानात आलं, घाईत निळा रंग घालायचा राहून गेला होता.

रंग न घालताही पेशींत रंग होता. केंद्रकाभोवती हिरवे दाणे होते, पानाच्या पेशीत असतात तसले. सावकाश फिरत होते.

तो पळत घरी आला. चन्नी अंगणाच्या कडेला, मोरीचं पाणी मुरतं त्या ओल्या मातीत उभी होती. त्यानं तिला उचलून सावलीत आणलं. तिची मान लगेच लवंडली, ओठ सुकले.

"अवं, काय करताय!" हेमावती किंचाळली.

त्यानं तिला परत उन्हात नेलं. स्वतःच्या हातानं तिचे पाय त्या मातीत टेकवले. मान वर आली. चन्नी हसली.

दिवस कलला. ऊन भिंतीकडं सरकलं, तसा तिचा चेहराही त्याच्यामागं फिरत गेला. पाय हलले नाहीत.

"चन्ने, घरात येतीस ना?"

तिनं उन्हाकडचं तोंड वळवलं नाही. त्यानं तिच्या काखेत हात घातले. ती आता हलकी नव्हती, पाय मातीतून सुटेनात.

पंचाक्षरी आत गेला. पिण्याच्या पाण्याची शेवटची घागर उचलून आणली आणि लेकीच्या पायांवर ओतली.

जमीन लगेच कोरडी झाली.