बिनफोडणीचे पोहे

ही गोष्ट २०१९ सालच्या एप्रिलमधली. त्या वर्षी भोकरदनच्या बाजूला होळीपासूनच पाण्याचे टँकर फिरू लागले होते, आणि गावाबाहेरच्या एका कॉलेजात ‘गुन्हेगारी न्यायशास्त्र’ या विषयाची पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेला बसणार होती.

विषय चांगला होता. गुन्ह्याची जागा कशी तपासावी, पुरावा कसा जपावा, कोर्टात कसा मांडावा, हे शिकून पोरं पोलिसात, प्रयोगशाळेत, तुरुंगखात्यात लागावीत, असा बेत होता. पण लोकांच्या तोंडी नाव वाईट पडलं. “धाकट्याला कशाला घातलं?” असं पारावर कुणी विचारलं की बाप इकडं तिकडं बघून हळूच सांगायचा, “गुन्हेगारीला.”

त्या गावात बसस्टँडमागे एक पाटी होती: ‘बेबीनंदा चौकशी केंद्र. स्थळांची खात्री करून मिळेल.’ मुलगा दारू पितो का, पगार सांगतो तेवढा आहे का, आधीचं लग्न लपवलंय का, हे बेबीनंदाबाई चार दिवसांत काढून आणत. सोबत त्यांचे थोरले भाऊ नागसेनदादा. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. समोरचा माणूस विनातिकीट आहे, असं धरूनच ते कुणाशीही बोलायला सुरुवात करत.

त्या दिवशी सकाळी दादांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि दारात एक मुलगी धापा टाकत उभी राहिली.

“मावशी, आमच्या वर्गातून मुडदा चोरीला गेला.”

दादांचा चहा बशीत सांडला. “कुणाचा गं?”

“कुणाचाच नाही, दादा. कडब्याचा होता.”

मुलगी हसनाबादची इरम. तिचे वडील बदरोद्दीन यांचं बांगड्यांचं दुकान. बेबीनंदाबाईंनी तिच्या चुलत बहिणीचं एक स्थळ तपासलं होतं आणि नवरदेवाची पहिली बायको थेट मंडपात आणून उभी केली होती. तेव्हापासून इरमचा त्यांच्यावर भरवसा.

तिनं सांगितलं ते असं. आज प्रात्यक्षिक परीक्षा. त्यासाठी एका खोलीत खुनाचा देखावा मांडला होता. जमिनीवर कपडे घातलेला कडब्याचा माणूस, छातीत सुरी, रक्ताच्या जागी कुंकवाचं पाणी. काल संध्याकाळी विभागप्रमुख राधेश्याम सरांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली इरमकडे दिली. सकाळी तिनं कुलूप उघडलं तर मुडदा गायब, सुरीही गायब.

“सर म्हणतात, किल्ली तुझ्याकडे, म्हणजे काम तुझंच. बाहेरचे परीक्षक यायच्या आत सापडलं नाही, तर माझ्या चारित्र्याच्या दाखल्यावर ‘पुरावा नष्ट केला’ असं लिहिणार.” इरम दारातून आत आली. “मावशी, या लाइनीत नोकरी द्यायच्या आधी तोच दाखला बघतात. तीन वर्षं शिकले ते एका ओळीत जाईल.”

“दार उघडल्यावर तू काय केलंस?” बेबीनंदाबाईंनी विचारलं.

“आत पाय टाकला नाही. दारातूनच फोटो काढले, मग सरांना बोलावलं. कुणाला झाडू मारू दिला नाही.”

“शाब्बास,” बेबीनंदाबाई पदर खोचत म्हणाल्या. “दादा, स्कूटर काढ.”

“आन् पोहे?”

“तिकडं कँटीन आहे.”

*

खोली मोठी होती. खिडक्यांना गज, दाराचं कुलूप धड. वरच्या तुळईवर कबुतरांची जोडी घुमत होती. जमिनीवर कुंकवाचे लाल डाग होते. मुडद्याचं डोकं जिथं होतं, तिथं पांढरी भुकटी फासली गेली होती. तिच्या मधोमध एक गोल तेलकट डाग, आणि भुकटीवर कुणाच्या तरी बुटाचा भलामोठा ठसा. काळ्या मुंग्यांची रांग ती भुकटी कणाकणानं उचलून नेत होती.

“हा बूट खुन्याचा!” दादा ओरडले.

“तो माझा आहे,” मागून राधेश्याम सर म्हणाले. ते तासाला शिट्टी गळ्यात अडकवून येत. “मी पाहणीसाठी आत गेलो होतो. ती भुकटी म्हणजे बोटांचे ठसे उठवायची पावडर. ती इरमच्या ताब्यात असते. आणखी काय पुरावा हवा?”

बेबीनंदाबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यासमोर उभ्या होत्या. बोटांच्या ठशांचे प्रकार, शंख आणि चक्रं. त्यांनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली.

“मान अवघडली का बेबे?” दादांनी विचारलं.

“चित्र बघून राह्यले.” मग त्या सरांकडे वळल्या. “सर, या खोलीत आधी काय होतं?”

“मेसचं जेवणघर. आम्ही चुना मारला, तक्ते लावले. आता मेसचा मागमूससुद्धा नाही.”

वर्गातला दुसरा हुशार विद्यार्थी कल्याण बाहेर व्हरांड्यात जोर काढत होता. गाव धावडा, मिशी फौजदाराची, नोकरी अजून मिळायची होती.

“मुडदा म्या बनवल्ता,” तो म्हणाला. “पैला नंबर माझाच येणार व्हता. हिला ते बघवलं न्हाई.”

“तुझ्या मुडद्याला दोन डावे हात होते,” इरम म्हणाली.

“खून झाल्यावर कोण हात बघतं?”

“कपडे कुठले होते रे?” बेबीनंदाबाईंनी मध्येच विचारलं.

“धोतर, कोपरी आन् पटका. गेटापाशी बोहारीण बसली व्हती, पाठमोऱ्या एका बाईला जुन्या कपड्यांवर भांडं देऊन राह्यली व्हती. ती बाई गेली की तिच्याच गाठोड्यातून घेतले. एकदम मस्त मिळाले. पटक्याला अत्तराचा वास बी व्हता.”

“आणि सुरी?”

“ती कँटीनची. मागून आणल्ती.”

नागसेनदादांनी कल्याणच्या कानाशी तोंड नेऊन कडक आवाजात विचारलं, “काल कुठून बसलास आन् कुठं उतरलास?” कल्याण म्हणाला, “बसलोच न्हाई, पायी आल्तो.” दादांनी बहिणीकडे सूचक पाहिलं. बेबीनंदाबाई तोवर कँटीनकडे निघाल्या होत्या.

*

कँटीन म्हणजे त्या खोलीला लागूनच असलेलं जुन्या मेसचं स्वयंपाकघर. द्वारकाबाई आणि त्यांची सून शालू ते चालवत आणि मागच्या खोलीत राहत. द्वारकाबाईंची फोडणी प्रसिद्ध होती. त्यांनी मिरच्या टाकल्या की शेजारच्या वर्गात पुढचा बाक शिंकायचा आणि मागच्या बाकाला जाग यायची. तशी फोडणी आता दुसरीकडं कुठं ऐकायला मिळत नाही.

दादांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

“हे पोहे हायेत का पथ्य? मोहरी न्हाई, कढीपत्ता न्हाई. नुसते उकडलेले!”

“आमच्या आत्याबाईलाच इचारा,” शालू म्हणाली. “सकाळपासून कढईत तेलाचा थेंब पडू द्यायना गेल्या. गिऱ्हाईक शिव्या देऊन राह्यलं.”

“उन्हाळा हाय,” द्वारकाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पित्त वाढतं.”

“पातेलं झकास आहे गं,” बेबीनंदाबाई फळीकडे बघत शालूला म्हणाल्या. “नवं दिसतं.”

“फुकट पडलं, मावशी! जुन्या कपड्यांवर. नुसते पडून व्हते घरात.”

द्वारकाबाईंच्या हातातला झारा दाणकन आपटला.

मागच्या अंगणात एक शेळी मजेत कडबा चघळत होती. तिची दाढी लालभडक होती.

“बेबे,” दादा कुजबुजले, “ही शेळी पान खाती.”

बेबीनंदाबाईंनी शेळीकडे पाहिलं, एक घास पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, “सगळ्यांना खोलीत बोलाव. आजींना हात धरून आण.”

*

सगळे जमले तोवर परीक्षकांची बस आली होती. ते गृहस्थ दारातच खुर्ची टाकून बसले. मुडद्याऐवजी जिवंत माणसं बघून त्यांना बरंच वाटलं असावं.

“सर,” बेबीनंदाबाईंनी सुरुवात केली, “ही तुमची पावडर मुंग्या खातात का?”

राधेश्याम सरांनी शिट्टी चाचपली. “तसं वाचनात नाही.”

“मुंग्या पीठ खातात. हे ज्वारीचं पीठ आहे. पिठाच्या मधोमध तेलाचा डाग म्हणजे तिथं पणती होती. माणूस गेला की त्या जागेवर पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. टोपली उचलल्यावर पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्याच्या जन्माला तो जीव गेला असं समजतात. मी लग्नाच्या चौकशा करते. सुखाच्या घरी जाते तशी दुःखाच्या घरीही जाते. मुडद्याला कुणी चोरलं नाही. कुणीतरी त्याचं सुतक धरलं.”

“कडब्याचं सुतक?” कल्याणला हसू आवरेना.

“सुतकाच्या घरी फोडणी देत नाहीत, हे तुझ्या आईला विचार. ज्या बाईच्या फोडणीनं वर्ग शिंकतो, तिच्या कढईत आज तेल नाही.”

नागसेनदादांचा चेहरा उजळला. “म्हंजी पोहे बिघडले न्हाईत! पोहे साक्षीदार व्हते!”

“पण कुलूप?” सर म्हणाले. “मी स्वतः हिसडा देऊन पाहिलं होतं.”

“कुलपाला कुणी हातच लावला नाही. हा तक्ता उलटा टांगलाय. नाव बघा, खाली गेलंय. शंख आणि चक्रं उलटी काय, सुलटी काय, सारखीच दिसतात. म्हणून तुम्हालाही कळलं नाही. कुणीतरी तो काढून घाईनं परत लावला.” त्यांनी तक्ता उचलला. मागे लाकडी झडपेची रुंद खिडकी होती. मेसमध्ये ताटं वाढून द्यायची. पलीकडे कँटीनची चूल. “चुना मारला, पण खिडकी बुजवली नाही. पलीकडून झडप ढकलली की तक्ता सुटतो. कडब्याच्या माणसाला वजन ते किती! आणि कडबा कुठं गेला ते शेळीच्या दाढीला विचारा. ते कुंकू आहे.”

शालूनं वळून सासूकडे पाहिलं.

“शालूनं पातेलं घेतलं ते सासऱ्याच्या कपड्यांवर,” बेबीनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “ते कपडे कल्याणनं मुडद्याला चढवले. आजींनी काल झडप सारून वाढायच्या खिडकीतून सहज डोकावलं. हो ना, आजी?”

द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“माझे मालक व्हते, कडूबा,” त्या म्हणाल्या. “त्यांचीच कोपरी, त्यांचाच पटका, आन् छातीत सुरी. सुरी बी आमचीच, कांद्याची! गेल्या पावसाळ्यात गेले व्हते ते. पुन्हा असं पडलेलं बघून कसं ऱ्हावं? दुसऱ्यांदा मेलं तर दुसऱ्यांदा करावंच लागतं की. दिवेलागणीला खिडकीतून त्यांना तिकडं घेतलं, इथं पिठावर दिवा लावला. पहाटे शालूचा गजर व्हायच्या आधी टोपली काढली.”

शालू भिंतीला टेकून रडू लागली. “मला वाटलं, नुसतीच ठेवण हाय, आत्याबाई.”

“कपडे कुठायत?” सरांनी विचारलं.

“नदीला सोडणार व्हते. नदीत पाणी कुठं हाय? ज्वारीच्या कणगीत ठेवलेत.”

राधेश्याम सर ताठ झाले. “तरीही ही चोरीच. इरम, सांग, कोणतं कलम लागू होईल?”

इरम सकाळपासून आरोपी होती. आता ती एकदम विद्यार्थिनी झाली.

“कुठलंच नाही, सर. चोरीला बेइमानीचा हेतू लागतो. आजींना वाटत होतं, त्या आपल्याच माणसाला घरी नेऊन राह्यल्यात. हेतू नाही, तर चोरी नाही. तुम्हीच शिकवलंत.”

दारातल्या परीक्षकांनी मान डोलावली. “हिचं प्रात्यक्षिक झालं,” ते म्हणाले. “जागा जशीच्या तशी राखली म्हणून तर बाईंना मुंग्या दिसल्या. ज्यानं मुडदा पळवला असता, त्यानं आधी झाडू मारला असता. सर, दाखल्यावर काय लिहिणार?”

“उत्तम,” सर म्हणाले, आणि जरा वेळानं, “वर्तन उत्तम.”

सगळे निघाले. द्वारकाबाई हलल्या नाहीत. बुटाच्या ठशाकडे बघत होत्या.

“पहाटे चष्मा नव्हता बाई,” त्या पुटपुटल्या. “म्हणलं, उजाडल्यावर बघू. तवर हिनं कुणाला आत येऊ दिलं न्हाई, मंग सायबांचा बूट पडला. पैल्या खेपेला बी पाव्हण्याच्या पोरानं टोपली लाथाडली व्हती. कुठं गेले माझे, मला कळलंच न्हाई.”

राधेश्याम सरांनी आपला बूट मागे घेतला.

इरमनं मोबाइल काढला. “आजी, सर आत जायच्या आधीचा फोटो आहे.” तिनं बोटांनी तो मोठा केला. पिठात, तेलाच्या डागाच्या बाजूला, तीन बोटं पुढं आणि एक मागं, असा स्वच्छ ठसा होता.

द्वारकाबाईंनी शालूकडून चष्मा घेऊन बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून तुळईकडे पाहिलं.

“कबुतर,” त्या म्हणाल्या. “बराबर. जित्तेपणी बी असंच, दिवसभर बसून घुमायचं आन् खालच्यांच्या डोक्यावर घाण करायची.” बोलता बोलता त्या हसल्या, आणि मग पदरात तोंड झाकून खूप रडल्या.

दुपारच्या पोह्यांना फोडणी मिळाली. मागच्या बाकापर्यंत सगळे शिंकले.

*

इरम आज न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे. बदरोद्दीन दुकानात गिऱ्हाइकाला बांगड्या चढवताना तिचं नाव काढल्याशिवाय राहत नाहीत. ती काय करते हे मात्र त्यांना अजून नीट सांगता येत नाही. कल्याण फौजदार झाला नाही, पण अंकुशनगरला कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याचा मुख्य आहे आणि मिशीचा पगार वसूल करतो. शालूनं ते पातेलं एका लग्नात आहेर म्हणून देऊन टाकलं. धोतर-कोपरी पुढच्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं तेव्हा गेली; पटका द्वारकाबाईंनी ठेवून घेतला. राधेश्याम सर रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की तपासात बूट आधी दाराबाहेर काढावेत. त्या वर्गात अजून पोरं येतात आणि त्यांचे बाप आता मान वर करून सांगतात.

नागसेनदादा दोन वर्षांपूर्वी गेले. बेबीनंदाबाईंच्या घरी अशा रीती पाळत नाहीत, आणि त्यांनी पीठ पसरलंही नाही. पण त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर एक साळुंकी आली आणि ताटातल्या पोह्यांकडे बघून, कुणाला विनातिकीट धरल्यासारखी, बराच वेळ ओरडत राहिली.

द्वारकाबाई अजून रोज सकाळी वाढायच्या खिडकीत मूठभर ज्वारी ठेवतात. खाली बसलेल्या पोरांच्या डोक्यावर काही पडलं आणि कुणी ओरडलं, तर आतून आवाज येतो, “गप रे. घरचं माणूस हाय.”