कान देऊन बसलेला

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासोबत घडलं. घाटंजीत, याच मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी. रात्री नाही, भर दुपारी.

माझ्या चहाटपरीसमोरच्या बागेत सिमेंटचा एक पुतळा आहे. बाकावर बसलेला ढेरपोट्या. उजव्या कानामागे हात धरून चोरून ऐकतोय, आणि हसतोय.

लोकांनी हसावं म्हणून बसवला. लोक हसले.

मग त्याच्या कानात बोलू लागले, देवळातल्या नंदीच्या कानात बोलतात तसे.

फरक एवढाच... नंदीजवळ लोक स्वतःचं भलं मागतात. इथे दुसऱ्याचं वाईट. धाकटी जाऊ उठली की थोरली येऊन बसायची. कोण कोणानंतर आलं, ते चहा उकळता उकळता मी ध्यानात ठेवायचो. भलं मागून उठलेला चेहरा एकही दिसला नाही.

त्या दुपारी माझं रोजचं गिऱ्हाईक शंकरसिंग भरल्या टपरीत म्हणाला, "गोविंदा, आज चहात म्हैस धुतली का बे?"

सगळे हसले. बागेतला तर हसतच होता.

मी तडक बागेत गेलो आणि पुतळ्याच्या कानात म्हणालो, "शंकरसिंगची जीभ झडो."

एक चूक झाली. नंदीला सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकतात, बोललेलं बाहेर जाऊ नये म्हणून.

मी झाकला नाही.

तिसऱ्या दिवशी शंकरसिंगची वाचा गेली. यवतमाळला नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. फक्त आवाज नाही.

शब्द परत घ्यावा म्हणून मी भर उन्हात बागेत गेलो. माणूस नाही. कावळाही नाही.

तोंड कानाजवळ नेलं...

सिमेंट तापलेलं असायला हवं होतं. कान गार होता. ओलसर.

आत कोणीतरी खाकरलं.

"गोविंदा..."

आवाज शंकरसिंगचा.

"...तूच व्हता ना बे?"

मी पळालो. चप्पल तिथेच राहिली.

काल शंकरसिंगची बायको, बसंतीबाई, टपरीवर आली. मी विचारलं, वहिनी, कसे आहेत ते?

"लिहून दाखवलं त्याईनं," ती म्हणाली. "वाचा जायच्या आधी कानात आवाज आला म्हणते. तुहा."

मग ती रस्ता ओलांडून बागेत गेली. पुतळ्याच्या कानाला तोंड लावलं. बराच वेळ बोलत होती. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

काय सांगितलं, ते कळायला मार्ग नाही.

तिने दुसरा कान झाकला होता.

आज सकाळी गिऱ्हाइकाने विचारलं, चहा आहे का. मी नुसती मान हलवली.

हे लिहून पाठवतोय, तेही त्याचमुळे.