पिंपाचं बूच

"हुकूम कोणता?" आजोबांनी विचारलं.

भिंगरीने शंकासुराकडे बघितलं. शंकासुराने बटणकडे बघितलं. बटणने हातातले पत्ते नाकापर्यंत वर धरले. हाच प्रश्न आजोबांनी आत्ता, मागच्याच हाताला विचारला होता!

"इस्पिक, आजोबा! तुम्हीच तर बोललात!"

"मी? छे!" आजोबांनी कपाळ दाबलं आणि पत्ते सतरंजीवर टाकून दिले. "डोकं नुसतं ठणकतंय. चालू द्या तुमचं." भिंत धरत धरत ते आत गेले.

ज्या माणसाने गेल्या सुट्टीत बाहीत एक्का लपवून तिघांनाही रडकुंडीला आणलं होतं, तो माणूस हुकूम विसरतो? भिंगरीला बसवेना. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली.

"भिंगरे, बस की एका जागी!" मामी स्वयंपाकघरातून ओरडली. "तुला बघूनच मला गरगरतं!"

"वय झालंय आता बाबांचं," मामा तेलकट हात पुसत म्हणाला. "उद्या ताई गाडी घेऊन येतेच आहे. शहरात तिच्याकडे राहतील. डॉक्टर हाकेच्या अंतरावर. तेच बरं!"

ताई म्हणजे भिंगरीची मावशी. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथे मातीचा एक कणही नव्हता. सकाळी उठल्यावर आधी पायाला माती लागल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, ते आजोबा तिथे काय करणार?

"मला नाही पटत!" भिंगरी म्हणाली. पण तेवढ्यात मामाचं जेवणाचं ताट आलं आणि तिचं कोणी ऐकलंच नाही.

सकाळी तिघं कुंपणाच्या भिंतीवर बसली. म्हणजे दोघं बसली. भिंगरी भिंतीवरून इकडून तिकडे चालत होती.

शंकासुर मामाचा मुलगा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो विचारायचा, "कशावरून?" बटण त्याची धाकटी बहीण. तिच्या गळ्यात सदान्‌कदा साबणाच्या पाण्याची बाटली लटकलेली असायची. फुगे उडवणं हा तिचा धंदा होता.

"परवा संध्याकाळी आजोबांनी आपल्याला कसं हरवलं, आठवतंय?" भिंगरीने विचारलं.

"बाहीत राजा होता!" बटण फणकाऱ्याने म्हणाली.

"होता ना! म्हणजे परवा डोकं अगदी ठिकाणावर होतं. परवा काय वेगळं होतं?"

शंकासुराने डोकं खाजवलं. "परवा... बाबांच्या इंजिनाचा पट्टा तुटला होता. दिवसभर बंदच होतं. काल नवा पट्टा आला."

"आणि काल आजोबा हुकूम विसरले!"

"कशावरून इंजिनामुळेच? इंजिन मागच्या पडवीत, आजोबा घरात."

"दुपारी कुठे झोपतात?"

"बियाण्याच्या खोलीत. गार असते ना! पडवीला लागूनच..." शंकासुर बोलता बोलता थांबला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "आपली मनी पण पूर्वी तिथेच पोत्यांवर झोपायची. हल्ली ती तिथे पाऊल टाकत नाही."

भिंगरीने भिंतीवरून उडीच मारली!

मागच्या पडवीत मामाचं राज्य होतं. एका मोठ्या पिंपात लाकडाचे ढलपे आणि मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, धुमसत असायची. त्यांना पुरेशी हवा द्यायची नाही, म्हणजे धड ज्वाळा होत नाही, गॅस होतो. तो गॅस भुसा भरलेल्या दुसऱ्या पिंपातून गाळून इंजिनात जायचा. डिझेलचा थेंब न घेता ते इंजिन पंप ओढायचं, कडबा कापायचं कुट्टी यंत्र फिरवायचं आणि आख्ख्या घराला धुराचा वास लावायचं. जोडणी सगळी मामाच्या हातची. त्याचा नुसता जीव होता त्याच्यावर.

"मामा, या गॅसने डोकं दुखतं का?" भिंगरीने धडधडाटावर आवाज चढवून विचारलं.

"दुखतं? अगं, जीव जाईल! विषारी असतो तो!" मामा खुशीत म्हणाला. "पण बाहेर येतोय कुठे? इंजिन तो ओढून घेतं. कुठे फट असली तर बाहेरची हवा आत जाईल, आतला गॅस बाहेर यायचा नाही. आहे की नाही गंमत?"

"आणि इंजिन बंद असताना?"

पण पट्टा किंचाळायला लागला आणि मामा तिकडे धावला. "भिंगरे, मध्ये लुडबुड नको! जा, जरा एका जागी बस!"

भिंगरी बसली नाही. भुशाच्या पिंपावरून छपराबाहेर गेलेल्या उंच पाइपाकडे ती बघत राहिली. मग तिची नजर भिंतीकडे गेली. पूर्वी कधीतरी पट्टा जायचा ते भोक अजून तिथेच होतं, चिंध्यांचा बोळा कोंबलेलं. त्या बोळ्यापलीकडे बियाण्याची खोली!

"हे बघ," ती शंकासुराला बाजूला ओढत कुजबुजली, "आधी आजोबांची खाट पळवायची. मग बाकीचं!"

खाट पळवणं सोपं नव्हतं. एक पाय दारात अडकला, दुसरा शंकासुराच्या पायावर पडला, आणि बटण मदत म्हणून खाटेवरच बसली होती. शेवटी एकदाची ती खाट झाडाखाली गेली.

दुपारी इंजिन थांबलं. तिघं कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसली. मामी धुतलेल्या चादरी दोरीवर टाकत होती.

"अहो, तेवढा पाइप बंद करा! मागे एकदा बसली तशी काजळी बसली चादरींवर तर तुम्हालाच धुवायला लावीन!"

"केला, केला!" मामा म्हणाला. शिडीवर चढून त्याने रोजच्यासारखं पाइपाच्या तोंडात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं लाकडी बूच ठोकलं, हात झटकले आणि जेवायला निघून गेला.

शंकासुराचे डोळे विस्फारले. "पण आत तर निखारे आहेत! गॅस होतच राहणार. मग तो जाणार कुठून?"

"तेच बघायचंय. माझ्या सायकलचं पंक्चर शोधताना काय करतात?"

"ट्यूबला पाणी लावतात. बुडबुडे आले की... बटण, तुझी बाटली दे!"

"सगळी नाही हं!" बटणने बाटली छातीशी धरली. "अर्धीच!"

भिंगरीने नाकाला रुमाल बांधला, लांब काठीला फडकं गुंडाळलं आणि हात लांब करून पाइपाच्या जोडावर साबणाचं पाणी फासलं. भिंतीतल्या त्या बोळ्याच्या अगदी समोरचा जोड! क्षणभर काहीच झालं नाही. मग एक बुडबुडा आला. टपोरा! त्याच्या मागे दुसरा. मग नुसता फेसच फेस!

"फुगे!" बटण टाळ्या पिटायला लागली.

भिंगरी मात्र शंकासुराकडे वळली. "पळ, मामाला बोलाव!"

"बाबा जेवताहेत. आजोबांचं नाव काढलं की म्हणतील, वय झालं. यायचे नाहीत."

भिंगरीने ओठ चावला. मामा कशासाठी ताटावरून उठेल? तिने घराकडे तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून बोंब ठोकली, "मामा! तुमचा गॅस फुकट चाललाय!"

मामा घास हातात घेऊनच धावत आला! "कुठे? कुठे फुकट चाललाय?"

भिंगरीने काठीने दाखवलं. फेस उतू चालला होता. मामाने फेस बघितला. बोळा बघितला. बोळ्यामागची भिंत बघितली. त्याच्या हातातला घास खाली पडला.

"बाबा कुठे आहेत?"

"आम्ही खाट झाडाखाली ठेवली, आजोबा तिथेच..." शंकासुर म्हणाला. पण झाडाखालची खाट रिकामी होती.

"आजोबांच्या चपला!" बटण किंचाळली. "त्या बघा, खोलीच्या दाराशी!"

आजोबाच ते! खाट नाही तर पोती आहेत म्हणून ते पोत्यांवर जाऊन झोपले होते. दार ओढून घेतलेलं, माश्या येतात म्हणून खिडकीही बंद.

"तुम्ही कोणी आत पाऊल टाकायचं नाही!" मामा ओरडला. त्याने लाथेने दार उघडलं, श्वास कोंडून घेतला आणि आत घुसला. भिंगरीने बाहेरून खिडकीचं दार धरून ओढलं. हलेना! तिने भिंतीला पाय लावून हिसडा दिला आणि खिडकी उघडली ती थेट तिच्या कपाळावर. शंकासुर तेवढ्यात शिडीवर चढला होता. तापलेलं बूच शर्टाच्या टोकाने उपटून त्याने खाली फेकलं.

मामाने आजोबांना काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं, पार झाडाखालच्या खाटेपर्यंत. आजोबांचे डोळे मिटलेले होते.

"आजोबा!" भिंगरीला रडू फुटलं. "आजोबा, उठा ना! मी तुम्हाला कुठे जाऊ देणार नाही!"

थोड्या वेळाने आजोबांच्या पापण्या हलल्या. "कोण... बोंबलतंय एवढं?" ते पुटपुटले. मामी तिथेच मटकन खाली बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या तोंडाला प्राणवायूची नळी लावली, सगळी हकिकत ऐकली आणि मामाकडे असं काही बघितलं की तो जमिनीत शिरायचाच बाकी राहिला.

"रोज थोडंथोडं विष जात होतं यांच्या अंगात, आणि तुम्ही म्हणत होतात वय झालं! आज आणखी थोडा उशीर झाला असता ना, तर मला काहीच करता आलं नसतं. या मुलांचे पाय धरा!"

"धरतो," मामा हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला मेल्याला इंजिन चालू असतानाचं सगळं ठाऊक होतं. बंद केल्यावर काय, हे या पोरीने विचारलं आणि मी तिला हाकलून दिलं."

आजोबांना न्यायला आलेल्या मावशीच्या गाडीतूनच दोन दिवसांनी आजोबा घरी परत आले! सगळी पिंपं तोवर घरापासून लांब, उघड्या माळावर गेली होती. भिंतीतलं भोक मामाने स्वतः विटांनी बुजवलं होतं. आणि ते बूच? ते शंकासुराने ढलप्यांबरोबर पिंपात टाकलं. त्या दिवशी पंप बुचाच्या गॅसवरही थोडा चालला म्हणायचा!

संध्याकाळी अंगणात सतरंजी पसरली. मावशी, मामा, मामी, सगळेच डावाला बसले. भिंगरी मात्र खिडकीपाशी, मग पायरीवर, मग सतरंजीच्या कडेला.

"भिंगरे, अगं बस की एका..." मामीच्या तोंडून सवयीने निघालं.

"खबरदार!" आजोबा गरजले. "हिला एका जागी बसवाल तर याद राखा! ही बसली असती, तर मी कायमचा निजलो असतो!"

मामीने भिंगरीच्या कपाळावरच्या टेंगळावरून हळूच हात फिरवला.

"हुकूम कोणता, आजोबा?" बटणने घाबरत घाबरत विचारलं.

"इस्पिक!" आजोबा तत्काळ म्हणाले. त्यांच्या बाहीतून एक्क्याचं टोक डोकावत होतं. तिघांनाही ते दिसलं, पण कोणी चकार शब्द काढला नाही. आणि भिंगरी, कोणी सांगितलेलं नसताना, आजोबांना खेटून डाव संपेपर्यंत एका जागी बसली.