हॉस्पिटलकडचा पूल

ज्यांना हसायचंय त्यांनी आधी आमच्या मेट्रो स्टेशनवर एखाद्या गुरुवारी दुपारी उभं राहून यावं. मग खुशाल हसावं. हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दिवसा.

हे स्टेशन वहिनीनेच डिझाइन केलं. रस्त्याच्या मधोमध खांब, त्यांवर तिकिटांचा मजला, त्याच्या वर फलाट. तिकिटांच्या मजल्यावरून दोन पूल निघणार होते. एक मॉलमध्ये, दुसरा समोरच्या हॉस्पिटलच्या दारात. आजारी माणसाला रस्त्यावर उतरावंच लागू नये, हा तिचा हट्ट होता.

मॉलचा पूल झाला. काचेचा, एसी लावलेला. हॉस्पिटलचा पूल पुढच्या टप्प्यात ढकलला, आणि तो टप्पा कधी उजाडलाच नाही. जिथून पूल निघायचा, त्या उघड्या दाराला प्लायवूड ठोकून टाकलं.

त्याच हॉस्पिटलमध्ये माझी आई दर गुरुवारी डायलिसिसला जायची. मेट्रोने यायची, काठी टेकत मॉलच्या बाजूचा जिना उतरायची आणि रस्ता ओलांडायची.

एका गुरुवारी ट्रक आला.

वहिनी संतापली. तो संताप अजून उतरलेला नाही.

वर्षभराने तिला मेट्रोतल्या तिच्या साहेबांचा फोन आला. ते दार विटांनी बुजवून त्यावर जाहिरात लावायची होती. मूळ डिझाइन तिचं, म्हणून तिचा होकार हवा होता.

"भिंत बांधली की पूल कधीच होणार नाही, साहेब," ती स्टेशनवर जाऊन म्हणाली.

"तो तसाही होणार नाहीये. कशाला उगाच ताणताय?"

त्या गुरुवारी दुपारी कामासाठी गाड्या बंद होत्या. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. वहिनी, साहेब आणि एक गवंडी, बस. गवंड्याने प्लायवूड काढलं. दारापलीकडे नुसती हवा होती आणि खूप खाली रस्ता.

तेवढ्यात मागून आवाज आला...

टक... टक... टक...

वहिनीने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज फलाटाच्या जिन्यावरून खाली येत होता. सावकाश, मधेच दम खात.

सासूची चाल ती झोपेतही ओळखेल.

गवंड्याच्या हातातली थापी गळून पडली. आवाज वहिनीजवळ येऊन थांबला. तिच्या कानाशी कोणीतरी वैतागून म्हणालं...

"सरक गं जरा. उशीर होतोय."

ती सवयीने सरकली.

टक... टक...

आता आवाज दाराबाहेर होता. जिथे पाय ठेवायला काहीच नाही, तिथे. वहिनीने कागदावर जिथे पूल आखला होता, तिथूनच तो सरळ पलीकडे गेला. हॉस्पिटलपाशी पोहोचला आणि विरला.

वहिनीच्या अंगावर काटा उभा राहिला. पण तिला बरंही वाटलं. आई पोहोचल्या होत्या.

"हे दार बुजवायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या सासूला एकदा मारलंत, तेवढं पुरे झालं."

साहेब पांढरेफटक पडले होते. तरी म्हणाले, "मी काही ऐकलं नाही."

गवंडी पळाला. साहेबांनी दुसरा आणला आणि वहिनीच्या होकाराशिवायच भिंत उभी केली. वर अत्तराची जाहिरात लागली.

पुढच्या गुरुवारी वहिनी मला घेऊन गेली.

टक... टक... मीही ऐकलं. आवाज जाहिरातीपाशी आला आणि थांबला. काठी भिंतीवर आपटली, रागाने, पुन्हा पुन्हा. बाकावरच्या दोन मुली फोनमधून मान वर काढून बघायला लागल्या.

मग आवाज मागे वळला... आणि मॉलच्या बाजूच्या जिन्याकडे निघाला.

"आई, तिकडून नको," म्हणत वहिनी धावली. दोन्ही हात पसरून जिन्यात आडवी उभी राहिली.

आवाज तिला ओलांडून खाली उतरत गेला.

रस्त्यावर एका ट्रकचे ब्रेक करकचले...

आम्ही खाली धावलो. ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसला होता. "म्हातारी होती हो समोर," एवढंच म्हणत होता. ट्रकखाली कोणीच नव्हतं.

तेव्हापासून एकही गुरुवार सुटलेला नाही. कधी ट्रक, कधी बस. वहिनीने अर्ज केले, भांडली, नोकरीवर लाथ मारली. साहेब सगळ्यांना सांगतात, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

उद्या गुरुवार आहे. वहिनीने घण आणून ठेवलाय. मी तिला आवरावं, असं नातेवाईक म्हणतात. मी तिच्यासोबत जाणार आहे. भिंत फुटेल की आम्हीच कोठडीत जाऊ, ते माहीत नाही. पण माझी आई दर आठवड्याला त्या रस्त्यावर मरते, आणि ते आता माझ्याने ऐकवत नाही.