नहरीवर दात चालत नाहीत

सार्थकने काठी हौदात उभी केली आणि वर काढली. टोकाला बोटभर चिखल लागला होता. बाकी काठी कोरडी.

"नीट बुडव की," दीपमाला म्हणाली.

"बुडवायला पाणी पाहिजे ना. तूच उतर अन् बघ."

"मी आले तेव्हा माझ्या कमरेपर्यंत होतं. कुणी पिऊन टाकलं? तू?"

तहरीम हसली नाही. हौदापलीकडे तिच्या अब्बांची, फारूखभाईंची रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांत सीताफळाची आणि पेरूची रोपे ओळीने उभी होती, पण त्यांनी माना टाकल्या होत्या. बोअर कधीच आटले होते. या हौदाशिवाय रोपांना दुसरे पाणी नव्हते.

खुलताबादच्या डोंगरात एक झरा होता. तिथून भाजक्या मातीच्या नळांची जुनी नहर जमिनीखालून उतरत वस्तीपर्यंत येई आणि तिचे पाणी हौदात पडे. ना मोटर, ना वीज. सार्थक आणि तहरीम इथलेच. दीपमाला सार्थकची चुलत बहीण, वाळूजहून उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेली.

तेवढ्यात सार्थकचे आजोबा आप्पासाहेब फारूखभाईंना घेऊन तिथे आले. वस्तीत आप्पासाहेबांचा शब्द चाले.

"झरा आटला, फारूख," ते हौदात डोकावून म्हणाले. "कोरडा हौद म्हंजी सापळा. परवा वासरू पडलं, उद्या लेकरू पडंल. ट्रॅक्टरवाल्या इंद्रजीतला सांगितलंय. उद्या सकाळी मुरूम टाकून बुजवून घेतो."

"आप्पा, थोडं थांबा ना. हा झरा आजवर आटला नाय."

"थांबून पाणी येतं व्हय?"

फारूखभाईंनी एका रोपाचे पान दोन बोटांत धरून पाहिले आणि सोडून दिले.

मोठे गेल्यावर तहरीम म्हणाली, "एकदा हौद बुजला की संपलं. झरा खरंच आटलाय का, ते आपण बघायचं. आत्ता."

"ऊन बघ केवढं हाय," सार्थक म्हणाला.

"मग तू सावलीत बस. आम्ही जातो."

सार्थकने मुकाट्याने टोपी घातली.

नहरीवर अंतराअंतरावर दगडी तोंडे होती, छोट्या आडासारखी. आत काळोख, काही दिसत नसे. पहिल्या तोंडाशी दीपमालाने खडा उचलला आणि आत टाकला.

खट.

"कोरडं," तहरीम म्हणाली. "पुढं चला."

पुढे मोठा माळ लागला. लग्नाच्या लॉनसाठी तो गेल्या आठवड्यात सपाट करून वरून रोलर फिरवला होता. माळ ओलांडून तिघे वरच्या तोंडाशी पोहोचले. दीपमालाने पुन्हा खडा टाकला.

डुबुक.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. सार्थकने आणखी एक खडा टाकला. पुन्हा डुबुक.

"झरा वाहतोय," तहरीम हळूच म्हणाली. "माळाच्या वर पाणी हाय, खाली नाय. नहर माळाखाली फुटलीय."

"पण माळ तर इंद्रजीतदादानं केला," सार्थक म्हणाला. "अन् आप्पांनी त्याला बजावलं होतं."

काय बजावले होते ते दीपमालाला ठाऊक नव्हते. वस्तीतला जुना नियम असा, की नहरीच्या रेषेवर कुदळ मारायची नाही. माती फावड्यानेच ओढायची, थोडी थोडी. कुदळीचे टोक खोल घुसते आणि नळ फोडते. पुढे ट्रॅक्टरचे लोडर आले, तसा आप्पासाहेबांनी तोच नियम त्यालाही लावला. लोडरच्या पुढे माती उचलायचे लोखंडी सूप असते, त्याला बकेट म्हणतात. इंद्रजीतकडे दोन बकेटी होत्या. एकीच्या काठाला लांब दात होते, कठीण मुरूम फोडायला. दुसरीचा काठ सरळ, सुटी माती खरवडायला. नहरीवर फक्त सपाट बकेट चालेल, असे ठरले होते.

"दादाला विचारू," दीपमाला म्हणाली.

इंद्रजीत घरासमोर ट्रॅक्टर धूत होता.

"दादा, माळ कोणत्या बकेटनं केला?" सार्थकने विचारले.

"सपाटनं. आप्पांनी सांगितलं व्हतं ना? का रं, तुला लायसन काढायचंय व्हय?"

"नाय, असंच."

"असंच तर पाणी मारू लाग. नायतर पळ."

ट्रॅक्टरला या वेळी दातांची बकेट होती. तिघे निघाले, पण तहरीम घराला वळसा घालून मागच्या बाजूने गेली. गोठ्याच्या भिंतीशी सपाट बकेट पडली होती. त्यात पाचट होते आणि पाचटावर एक तांबडी कोंबडी फुगून बसली होती. तहरीमने हात पुढे करताच ती टोचायला धावली.

"ए पोरी, तिला उठवू नको," इंद्रजीतची आई द्वारकाबाई आतून ओरडली. "अंड्यांवर बसलीय. आज-उद्या पिल्लं निघतील."

"आज-उद्या?" दीपमालाने विचारले. "बसून किती दिवस झाले, काकू?"

"तीन आठवडे व्हत आले."

माळ गेल्या आठवड्यातला. तिघे माळाकडे पळाले. कुंपणाच्या कडेला, जिथे रोलर पोहोचला नव्हता, तिथे मुरुमावर सारख्या अंतराने ओरखडे होते, केसांतून फणी फिरवावी तसे.

"आत्ताच आप्पांना सांगू," सार्थक म्हणाला.

"आपण सांगितलं तर दादा नाही म्हणेल," दीपमाला म्हणाली. "त्याचं त्यालाच बोलू दे."

सकाळी ट्रॅक्टर घरघरत हौदाशी आला, तेव्हा तहरीम कठड्यावर बसली होती, पाय आत सोडून.

"उठ गं, मुरूम टाकायचाय," इंद्रजीत म्हणाला.

"उठते. पण दातांनी मुरूम सारखा बसत नाय, दादा. उंचवटे राहतील. सपाट बकेट लावा ना."

"पोर बरोबर बोलती," आप्पासाहेब म्हणाले. "सपाट लाव."

"आता ती कुठं आणू, आप्पा? तिच्यात कोंबडी बसलीय. आई हात लावू देत नाय."

"कधीपासून?" सार्थकने विचारले.

"झाले की वीसेक दिवस."

"अन् माळ?"

इंद्रजीतने हात लांबवून ट्रॅक्टरचे इंजिन बंद केले.

"माळ तू सपाटनं केला म्हणालास," आप्पासाहेब सावकाश म्हणाले.

"मुरूम लई कठीण व्हता, आप्पा. सपाट नुसती घसरली असती. अन् बदलायचा कंटाळा केला. एकदा कायतरी लागलं खाली. मला वाटलं, दगड."

तहरीमने आप्पासाहेबांना दोन्ही तोंडांशी नेले. त्यांनी स्वतः खडे टाकले. वरच्या तोंडातून डुबुक आवाज आला, तसे ते सरळ उभे राहिले.

"उकरा," ते म्हणाले.

पण उकरायचे कशाने? द्वारकाबाईंनी कोंबडी अंड्यांसकट टोपलीत हलवू दिली. टोचून घ्यायचे काम दीपमालाने केले. सपाट बकेट लागली, पण रोलरने दाबलेल्या जमिनीवरून ती किंचाळत घसरली. नुसता पांढरा चरा उठला.

"बघा, दात लागतातच," इंद्रजीत म्हणाला.

"लागतात, पण नहरीवर नाय," सार्थक म्हणाला. "बाजूला लागतात. दोन तोंडांमध्ये दोरी ताणू. नहर तिच्याखाली. दातांनी दोरीपासून लांब चर काढ. मग सपाट लावून दोरीकडची माती कडेकडेनं चरात ढकल."

"दोनदा बकेट बदलू?"

"दोनदा," तहरीम म्हणाली.

इंद्रजीतने तिच्याकडे पाहिले आणि पाना उचलला.

दातांनी कठीण मुरूम फुटला आणि दोरीच्या बाजूला चर तयार झाला. मग सपाट काठ हळूहळू आडवा सरकू लागला. इंद्रजीतचा हात चांगला होता. पापुद्रा सुटावा तशी माती सुटत होती. माती काळी आणि ओली लागली तेव्हा त्याने यंत्र थांबवले आणि स्वतः फावडे घेऊन उतरला.

नळ फुटलेला होता. कडेच्या खापरांवर दातांचे खोल घाव होते आणि पाणी खालच्या भगदाडात गुपचूप जात होते. इंद्रजीत तिथेच उकिडवा बसला.

"माझ्यामुळं," तो म्हणाला. "आप्पा, हे मीच नीट करणार."

फारूखभाईंनी पाइपचा तुकडा बसवला, सांधे लिंपले. इंद्रजीतने भगदाड दगडांनी भरले. मग सगळे हौदाशी जाऊन उभे राहिले. नळाच्या तोंडातून आधी हवा आली, मग गढूळ थेंब, मग मनगटाएवढी धार.

आप्पासाहेबांनी ओंजळ धरली, पाणी सांडू दिले.

"मी इंद्रजीतच्या शब्दावर बसलो अन् झऱ्याला खोटं ठरवलं," ते म्हणाले. "तुम्ही दोन्ही तपासलंत. शाबास, पोरांनो. यापुढं नहरीजवळ यंत्र आलं, तर कोणती बकेट लावली ते आधी तुम्ही बघायचं. तुम्ही हो म्हणाल तरच चाक हलंल. ऐकलं का, इंद्रजीत?"

"ऐकलं," इंद्रजीत म्हणाला. त्याने तहरीमला विचारले, "मालकीण, जाऊ का आता?"

"आधी बादल्या भरून द्या, दादा."

फारूखभाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या हातात झारी दिली. तहरीम पहिल्या ओळीकडे वळली. मागून इंद्रजीत दोन्ही हातांत बादल्या घेऊन, पाणी हिंदकळू न देता, जपून पावले टाकत येत होता.